तक्त्यावरचे तारे : शिकण्यात खेळाचा नेमका कोणता भाग आणावा?

पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ९.२०)

मी एका तालुक्याच्या गावी सातवीच्या वर्गाला गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये वर्गात गेमिफिकेशन करून पाहायचे असे मी ठरवले. खेळ नसलेल्या कामात खेळाच्या रचनेतील घटक वापरणे, अशी या शब्दाची व्याख्या सबास्टियन डिटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केली आणि बहुतेक अभ्यासक तीच धरून चालतात. माझा प्रश्न याहून साधा होता. जी मुले लगोरीचा डाव अर्धा राहिला म्हणून घंटा झाल्यावरही मैदान सोडत नाहीत, तीच गणिताच्या तासाला घंटा कधी होते याची वाट पाहतात. तेव्हा मैदानावरचे काही उचलून वर्गात आणता येईल का?

फळ्याशेजारी मोठा तक्ता लावला आणि त्यावर ४२ नावे लिहिली. बरोबर सुटलेल्या प्रत्येक उदाहरणाला एक चमकीचा तारा दिला. २५ ताऱ्यांना बारगीर, ७५ ताऱ्यांना शिलेदार आणि १५० ताऱ्यांना सरदार अशी पदे ठेवली. पहिला महिना इतका चांगला गेला की मलाच नवल वाटले. ज्यांच्या वह्या मागून मागून मिळत नसत, त्या वह्या सकाळी माझ्या टेबलावर आधीच येऊन पडलेल्या असत.

नवरात्राच्या सुमारास दोन गोष्टी घडल्या आणि तेव्हापासून मला स्वस्थता नाही. वर्गात एक मुलगा आहे, ज्याला कोड्यांचे वेड आहे. जुलैत त्याने एका जादूच्या चौकोनापायी डबा खायचाही राहू दिला होता. त्याला मी पाच लिटर आणि तीन लिटर मापांच्या भांड्यांनी चार लिटर पाणी मोजण्याचे कोडे दिले. त्याने कागद वाचला आणि विचारले, "बाई, याला किती तारे?" मी म्हणाले, "तारे नाहीत, गंमत म्हणून दिले आहे." त्याने कागद नीट घडी करून टेबलावर परत ठेवला आणि तो सोप्या बेरजांच्या स्वाध्यायाकडे वळला.

दुसरी गोष्ट एका मुलीची आहे, जी तक्त्यावर ३९ व्या क्रमांकावर होती. वर्ग रिकामा झाल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव तक्त्यावर नसलं तर चालेल का? मी गृहपाठ रोज करीन."

तक्ता अजून भिंतीवर आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होण्याआधी मला निर्णय घ्यायचा आहे. माझी मांडणी चुकली की मुळात कल्पनाच चुकीची आहे, हे जाणकारांनी सांगावे.


अर्धविराम (शनिवार, रात्री १०.४५)

पाटीपेन्सिलताई, त्या मुलाने कागद परत ठेवला हे वाचून मला पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आठवला. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी हा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगतो.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ५१ मुले निवडली. निवडीची अट अशी होती की मुलाला रंगीत पेनांनी चित्रे काढायची आधीपासूनच आवड असावी. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र पुरे झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात पुन्हा सहज म्हणून ठेवली आणि कोण किती वेळ चित्रे काढतो हे मुलांच्या नकळत मोजले. ज्यांना बक्षिसाचे वचन दिले होते, ती मुले बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांजवळ थांबली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच टिकून होती.

म्हणजे कागद दोघांना एकच मिळाला, पण एकाला तो चित्रानंतर मिळाला आणि दुसऱ्याने चित्रच त्या कागदासाठी काढले. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे याची जी उपपत्ती मांडली, तिच्यात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत : मी हे आपणहून करतो आहे ही जाणीव, मला हे जमते आहे ही जाणीव, आणि ही माणसे माझी आहेत ही जाणीव. त्यांच्या मते प्रत्येक बक्षीस दोन निरोप देऊ शकते. "तुझी ही पायरी बरोबर आली" हा माहितीचा निरोप आहे, तर "मी सांगितले तसे केलेस म्हणून घे" हा ताबा घेणारा निरोप आहे.

वर्गातल्या तक्त्याचाही अभ्यास झालेला आहे. हॅनस आणि फॉक्स या अमेरिकी संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच विषय दोन तुकड्यांना १६ आठवडे शिकवला गेला, त्यांपैकी एका तुकडीला बॅज आणि क्रमवारी होती. त्या तुकडीची अंतःप्रेरणा, म्हणजे बक्षिसावाचून आपणहून शिकण्याची ओढ, सत्राअखेर दुसरीपेक्षा कमी भरली आणि तिचे अंतिम परीक्षेतले गुणही कमी आले.

आपल्याला एकच विचारतो. समजा, एका मुलाचे १३७ तारे आहेत. त्यावरून त्याचे अपूर्णांक कच्चे आहेत की समीकरणे, हे त्याला किंवा आपल्याला कळते का?


पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ११.०५)

नाही कळत. हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.


माजघर (रविवार, सकाळी ८.३०)

वरचे सारे मान्य करूनही मी दुसरी बाजू मांडते, कारण ती मी घरात पाहिली आहे. माझ्या मुलाला तेरा ते एकोणीसचे पाढे कधीही आवडले नाहीत आणि आवडावेत असे त्यांत काही आहे, असे मलाही वाटत नाही. ते पाठ झाले की पुढचे गणित सुकर होते, एवढाच त्यांचा उपयोग. आम्ही लोणच्याची रिकामी बरणी घेतली. एक पाढा न अडखळता झाला की त्याने एक चिंचोका बरणीत टाकायचा आणि बरणी गळ्यापर्यंत भरली की त्याच चिंचोक्यांनी आम्ही दोघांनी खेळायचे, असे ठरले. पैसे नव्हते, खाऊ नव्हता. दोन महिन्यांत पाढे झाले. आता बरणी माळ्यावर आहे आणि पाढे डोक्यात आहेत.

ज्या कामात मुळात गोडीच नाही, तिथे गोडी मरण्याची भीती कशाची? सगळेच शिकणे आनंदाचे असते, असे म्हणणाऱ्यांनी सतराचा पाढा पाठ करून पाहावा.


अर्धविराम (रविवार, सकाळी ९.५०)

माजघर, आपले म्हणणे संशोधनाशी जुळते. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आवडत्या कामावर आधी कबूल केलेल्या ठोस बक्षिसाचा वाईट परिणाम त्यांना दिसला. कंटाळवाण्या कामांत तसा परिणाम आढळला नाही. आपल्या बरणीत आणखी एक गुण होता. ती भरली आणि माळ्यावर गेली.


सोंगटी (रविवार, सकाळी १०.४०)

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. खेळातून शिकवण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. मोक्षपटात शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे असत. महाराष्ट्रातील परंपरा या पटाचे श्रेय ज्ञानदेवांना देते. पण खेळ म्हणून पाहिले, तर तिथे खेळणाऱ्याला कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. दान पडेल तितकी घरे जायचे, एवढेच त्याच्या हाती असते. दैवाचा खेळ समजण्यासाठी तो पट उत्तम आहे, परंतु क्रोध कसा आवरावा हे त्यातून हाताला लागत नाही, कारण क्रोध हे तिथे केवळ घराचे नाव आहे. पाटीपेन्सिलताई, बारगीर आणि शिलेदार ही पदे मला तशीच वाटली. नावे सुंदर आहेत, मात्र बारगिराला न येणारे असे कोणते गणित शिलेदाराला येते, हे त्यांतून समजत नाही.


सह्यवारा (रविवार, दुपारी १२.१५)

पुण्यातल्या एका कंपनीत शालेय अभ्यासाच्या ॲपवर मी चार वर्षे काम केले. नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे सांगतो आहे ते एकट्या तिचे नाही.

दर सोमवारी बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर तीन आकडे असत : काल किती मुले आली, त्यांतली किती आज परतली, आणि प्रत्येकाने सरासरी किती मिनिटे घालवली. मुलाला त्रैराशिक आले का, असा रकाना त्या पडद्यावर नव्हता. तो कोणी मुद्दाम गाळला होता असे नाही. मिनिटे मोजणे सोपे असते आणि त्रैराशिक आले का हे मोजणे अवघड असते, म्हणून सोपे ते मोजले गेले आणि मोजलेले तेच वाढवायचे ठरले. एखाद्या मुलाचा क्रमांक घसरू लागला की त्याला सूचना जायची. क्रमवारीत त्याच्या अगदी वरचा आणि अगदी खालचा मुलगा तेवढा दाखवायचा, म्हणजे चुरस वाटत राहते. धडा संपल्यावर एक पेटी उघडायची आणि तिच्यात काय निघेल हे आधी सांगायचे नाही.

एके दिवशी नोंदी चाळताना मला दिसले, की सातवीची बरीच मुले दुसरीच्या बेरजांचे धडे पुन्हा पुन्हा सोडवत आहेत. एका मिनिटात एक धडा आणि दहा गुण, असा तो हिशेब होता. आम्ही बदल केला, की एकदा पुरा झालेला धडा पुन्हा केला तर गुण कमी कमी मिळत जातील. मुले अवघड धड्यांकडे वळली, पण एकूण मिनिटे घटली आणि दोन आठवड्यांत तो बदल मागे घेण्यात आला. ती नोकरी सोडण्याची माझी कारणे अनेक होती, त्यांतले हे एक.

म्हणून गुण ठेवूच नयेत, असे मी म्हणणार नाही. खान अकॅडमी या शिकवणीच्या संकेतस्थळावरची प्रभुत्वाची पातळी पाहावी. तिथे एकेका कौशल्याची पातळी परिचयापासून प्रभुत्वापर्यंत चढत जाते आणि पुढे मिश्र चाचणीत त्याच कौशल्यावरचा प्रश्न चुकला तर ती खालीही येते. असा आकडा मुलाला त्याच्याविषयी काही सांगतो. गिटहब या संकेतस्थळावर प्रोग्रामरच्या पानावर सलग किती दिवस काम केले हे दाखवणारा आकडा असे, तो त्यांनी २०१६ साली काढून टाकला. एकदा बसवलेली गोष्ट काढताही येते, हे पाहून त्या वेळी मला फार बरे वाटले होते.


राइनकाठ (रविवार, दुपारी ३.४०)

सह्यवारा यांनी सलग दिवसांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी सहा वर्षे जर्मनीत कलोनला राहतो. आल्याबरोबर भाषा शिकवणारे एक ॲप घेतले आणि नेमाने त्यावर बसू लागलो. एकाही दिवसाचा खाडा न होता ४१२ दिवस झाले, तेव्हा मी घरी फोन करून तो आकडा सांगितला. त्याच आठवड्यात बेकरीत पाव घेताना काउंटरमागच्या बाईंनी मला एका शब्दात काहीतरी विचारले आणि मी नुसता पाहत राहिलो. त्यांनी सुरीने कापल्यासारखा हात करून दाखवला तेव्हा उमगले, की पाव कापून देऊ का, असे त्या विचारत होत्या. घरी येऊन मी गेल्या दोन महिन्यांचे धडे तपासले. बहुतेक धडे रात्री पावणेबारानंतर केलेले होते, आणि सगळे पहिल्या दोन पाठांतले होते. मी जर्मन शिकत नव्हतो, मी खाडा चुकवत होतो.

सुरुवातीला त्या आकड्याचा मला उपयोग झाला, हेही सांगितले पाहिजे. पहिले शंभर दिवस त्याच्याच बळावर गेले. कामावरून दमून आल्यावर दुसऱ्या कशानेही मी पुस्तक उघडले नसते. अडचण त्यानंतरची आहे. माझी आजी सोळा सोमवार करीत असे. सतराव्या सोमवारी उद्यापन, चूर्म्याचा नैवेद्य, घरी चार माणसे जेवायला, की व्रत पुरे झाले. अडचणीमुळे एखादा सोमवार राहिला तर ती तो पुढे धरी. आधीचे सोमवार वाया गेले असे तिने कधी मानले नाही. त्या ॲपमध्ये खाडा झाला की आकडा पुन्हा शून्यावर येतो, आणि कितीही दिवस भरले तरी उद्यापन काही येत नाही. ज्या नेमाला पुरे होणे माहीत नाही, त्यात माणूस नेम सांभाळण्यासाठीच जगू लागतो. ४३० व्या दिवशी मी आपणच थांबलो आणि शेजारच्या आजोबांकडे आठवड्यातून दोनदा गप्पा मारायला जाऊ लागलो. ते माझ्या चुका दुरुस्त करतात आणि मी त्यांना चहा करून देतो.


अंगणजाई (रविवार, संध्याकाळी ६.१०)

मी पालघर भागात आदिवासी पाड्यांवरच्या बालवाड्यांत सत्तावीस वर्षे काम करून निवृत्त झाले. आमची घडण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून झाली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून १९३६ साली मुंबईला आल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले, जे पुढे कोसबाडला गेले. शिक्षा नको आणि बक्षीसही नको, हा त्या परंपरेचा आग्रह होता. तरुणपणी मला त्यातला दुसरा भाग कळत नसे. मारू नये हे पटते, पण कौतुकाने एक फूल दिले तर काय बिघडते, असे वाटे.

माँटेसरीबाईंनी रोमच्या त्यांच्या पहिल्या बालगृहाविषयी लिहिलेला एक प्रसंग वाचला तेव्हा ते मला उलगडले. एका हुशार मुलाच्या गळ्यात बक्षीस म्हणून चांदीचा क्रूस घातलेला होता आणि दुसऱ्या मुलाला शिक्षा म्हणून वर्गाच्या मधोमध खुर्चीत बसवलेले होते. पहिला मुलगा आपल्या कामाचे सामान घेऊन इकडून तिकडे जात असताना क्रूस खाली पडला. खुर्चीतल्या मुलाने तो उचलून दाखवला. पहिल्याने त्याकडे पाहिले न पाहिले आणि मला कामात अडवू नकोस अशा अर्थाचे काही बोलला. "मग मी घालू का?" असे विचारल्यावर तो हो म्हणून निघून गेला. खुर्चीतला मुलगा क्रूस घालून समाधानाने बसून राहिला. ज्याच्या हातात काम होते त्याला पदक नको होते. ते त्याला हवे होते ज्याच्या हातात काहीच नव्हते.

लाकडी दट्ट्यांची पेटी पुष्कळांनी पाहिली असेल. प्रत्येक दट्टा त्याच्याच खळग्यात बसतो. एक चुकीच्या जागी गेला, की शेवटी एक दट्टा उरतो आणि तो काही केल्या बसत नाही. मूल सगळे उपसते आणि पुन्हा लावते. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही, तारा लागत नाही, लाज वाटत नाही. आमच्याकडे पेट्या कमी असत, तेव्हा आम्ही बिया, पाने, खडे, शिंपल्या यांवर वर्गीकरणाचे खेळ बसवले आणि तेही असेच बसवले, की चूक वस्तूच दाखवून देईल.

माजघर यांच्या बरणीला मी नावे ठेवणार नाही. तिथे आई मुलाशेजारी बसत होती, आणि माझ्या मते पाढे निम्मे त्या शेजारामुळे झाले असावेत.


माजघर (रविवार, संध्याकाळी ६.५५)

अंगणजाई, हे मी लिहिताना माझ्या ध्यानात आले नव्हते. चिंचोके तो मोजत असे, पण "आई, आज बसायचंय ना?" हेही तोच विचारत असे.


मैदानकर (रविवार, रात्री ८.३०)

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे मैदानाकडून येतो. पाटीपेन्सिलताईंना लगोरीतले काहीतरी वर्गात आणायचे होते. त्यांनी जे आणले ते माझ्या मते लगोरीतले नाही, ते शाळेतलेच आहे. गुण, क्रमांक आणि सर्वांदेखत लावलेला निकाल हे शाळेत पूर्वीपासून आहेत. चमकीच्या कागदाने ते खेळ होत नाहीत.

मुलांच्या आपल्या खेळांत खरे काय असते ते पाहू. पहिली गोष्ट कच्चा लिंबू. धाकटे भावंड खेळायला आले, की त्याला हाकलत नाहीत आणि त्याच्यासाठी खेळ सोपाही करत नाहीत. ते सगळ्यांबरोबर पळते, पकडले जाते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. काही दिवसांनी तेच म्हणते, "मी आता कच्चा लिंबू नाही." हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, कधी म्हणायचे ते त्याचे ते ठरवते. नवशिक्याची चूक फुकट असणे आणि पक्के होण्याचा निर्णय त्याच्याच हाती असणे, याहून चांगली शिकण्याची व्यवस्था मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेली नाही.

दुसरी गोष्ट नव्या डावाची. काल कोण हरले हे आज कोणी धरत नाही आणि डाव नेहमी कोऱ्या पाटीवर सुरू होतो. ताईंच्या तक्त्यावर जूनचे तारे ऑक्टोबरपर्यंत साठत राहिले. ३९ व्या क्रमांकावरच्या मुलीने नवरात्रात कितीही नेटाने अभ्यास केला, तरी पहिल्या दहांत येणे तिला हिशेबानेच अशक्य होते, आणि सातवीच्या मुलीला एवढा हिशेब नक्की येतो.

तिसरी गोष्ट डबा ऐसपैस. पाच जण पकडले गेलेले आहेत, एकच लपून राहिला आहे, आणि तो धावत येऊन डबा उडवतो. त्या क्षणी पाचही जण मोकळे. म्हणून पकडला गेलेला गडी मैदान सोडून जात नाही, तो ओरडून ओरडून लपलेल्याला राज्यावरचा कुठे आहे ते सांगत असतो. मागे पडलेल्याला डावात गुंतवून ठेवण्याची ही युक्ती मुलांनी आपणहून काढलेली आहे. तक्त्यावरच्या मागच्या दहा मुलांसाठी डबा उडवणारे कोण होते?

मैदानावर चुरस नसते असे कोणी समजू नये. भांडणे होतात, रडारड होते, आणि मी गेली अनेक वर्षे ती सोडवतो आहे. पण हरण्याची किंमत संध्याकाळपुरती असते.


अणुरेणू (रविवार, रात्री ९.४५)

क्रमवारी असूनही खेळ उत्तम चालल्याचे एक उदाहरण नोंदवतो. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी फोल्डइट हा खेळ सुरू केला. पडद्यावर प्रथिनाची साखळी दिसते आणि खेळाडूने ती वळवून, दुमडून चांगली घडी बसवायची असते. माकडांमध्ये एड्ससारखा आजार निर्माण करणाऱ्या विषाणूच्या एका विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती. २०११ साली ती या खेळाडूंच्या मदतीने तीन आठवड्यांत हाती आली, आणि या खेळाडूंपैकी बहुतेकांचे जीवरसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते.

तिथे गुण आहेत, क्रमवारी आहे, गटही आहेत. पण गुण येतात ते घडीच्या ऊर्जेच्या गणनेवरून. घडी जितकी स्थिर तितके गुण जास्त, त्यामुळे गुण वाढवायचे तर प्रथिनच चांगले दुमडावे लागते, दुसरा सोपा रस्ता नाही. सह्यवारा यांच्या ॲपमध्ये दुसरीच्या बेरजांचा सोपा रस्ता उघडा होता. गुण आणि काम यांच्यात अशी फट आहे का, हे मी सर्वांत आधी तपासले असते.


पाटीपेन्सिल (चार आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.००)

सर्वांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण काही करून पाहिल्यावरच लिहायचे ठरवले होते.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तक्ता मुलांसमोर उतरवला. सरदार झालेली चार मुले नाराज झाली आणि ते स्वाभाविक होते. त्यांनी मेहनत केली होती. प्रत्येकाचे तारे मोजून मी वहीच्या शेवटच्या पानावर सहीनिशी लिहून दिले. सातव्या तासाला उद्यापन म्हणून सर्वांनी मिळून भेळ केली. राइनकाठ यांचा शब्द मी वर्गात वापरला आणि मुलांना तो लगेच समजला.

आता सहा-सहा जणांचे सात गट आहेत आणि डाव एका आठवड्याचा आहे. सोमवारी सारे कोरे. प्रत्येकाला सहा उदाहरणांचा कागद मिळतो. मी बरोबर-चूक अशी खूण करत नाही. उत्तर जिथून घसरले त्या पायरीखाली रेघ मारून कागद परत देते. तो कितीदाही पुन्हा देता येतो आणि गटातल्या सहाही जणांचे कागद सुटले की गटाचा डाव पुरा होतो. ज्याला वाटेल त्याने कागदावर 'क. लिं.' असे लिहायचे, म्हणजे त्या आठवड्यात त्याचा कागद गटाच्या हिशेबात धरायचा नाही, पण सोडवायचा मात्र पुरा. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी तसे लिहिले, दुसऱ्यात आठ, आणि या आठवड्यात पाच जणांनी.

सगळे सुरळीत आहे असे नाही. दोन गटांत एकच मूल सगळ्यांना उत्तरे सांगते आणि बाकीचे उतरवून घेतात. अणुरेणू म्हणतात ती फट इथे आहे आणि ती कशी बुजवावी हे मला अजून सुचलेले नाही. कागद तपासायला रोज दीड तास जातो, तो पूर्वी जात नव्हता. कोड्यांच्या मुलाने भांड्यांचे कोडे अजून मागितलेले नाही. मी ते खिडकीजवळच्या फळीवर दोन रिकाम्या बरण्यांसोबत ठेवून दिले आहे आणि त्याबद्दल काही बोलत नाही.

३९ व्या क्रमांकावरच्या मुलीने पहिले दोन आठवडे 'क. लिं.' लिहिले होते. या मंगळवारी तिने अपूर्णांकांचा कागद चौथ्यांदा आणून दिला. तीन ठिकाणी माझ्या रेघा होत्या, त्यांखाली तिने खोडून पुन्हा लिहिले होते, आणि वरच्या कोपऱ्यातली 'क. लिं.' ही अक्षरेही तिने पेनाने काट मारून खोडली होती.